शिवणीच्या आतलं कापड

“पोर नवी आहे, तोंड उघडायची नाही. चोळी घट्ट झाली, तर सुईनंच शिवण आत घेतली म्हणू,” कात्री मोजपट्टीच्या कानात म्हणाली.

अवजारं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. थोरांची कुजबुज डबीतही ऐकू येते, हे कात्रीच्या ध्यानात नव्हतं. नुकतीच कामाला लागलेली सुई आत ऐकत होती.

चोळी घट्टच झाली. कात्रीनं ठरल्याप्रमाणे सुईचं नाव सांगितलं. शिंपीणबाई सुईला भंगारात टाकायला निघाल्या. सुई म्हणाली, “बाई, आधी उसवून बघा. मी आत घेतलं असेल, तर जास्तीचं कापड आतच सापडेल.”

बाईंनी उसवलं. आत बोटभरही कापड नव्हतं. ते कात्रीनं आधीच उडवलं होतं. बाईंनी सुई मानानं रेशमाच्या रिळात खोचली.

“आम्हा मोठ्यांना सांभाळून घे गं,” कात्री पुटपुटली.

“घेईन की, मावशी. फक्त तुम्ही कापलेलं माझ्या नावावर नको.”