चार नंबरचं बटण

एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एक छापखाना होता. छापखान्यात एक संगणक होता, आणि त्या संगणकावर अठरा वर्षं एकच माणूस बसत होता. त्याचं नाव त्रिंबक औटी.

गावातली लग्नं आधी त्रिंबकच्या बोटांखालून जात, मग मांडवात. त्याच्याइतक्या झटपट पत्रिका जुळवणारा माणूस आसपास नव्हता. याचं गुपित त्याच्या शॉर्टकटमध्ये होतं. पत्रिकेत जे जे पुन्हा पुन्हा येतं, ते त्याने एकेका बटणावर बसवून ठेवलं होतं. अल्टचं बटण धरून एक दाबलं की पडद्यावर श्रीगणेश प्रसन्न होत. दोन दाबलं की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हजर. तीनवर मुहूर्ताची ओळ. चारवर 'आपले स्नेहांकित', म्हणजे ज्यांच्याखाली घरच्यांची नावं येतात ते शब्द. पाचवर तर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असं चिमुकल्यांचं आमंत्रणसुद्धा होतं. घरात चिमुकली असोत वा नसोत, त्रिंबक ते टाकायचाच.

छापखान्यात दहाव्या-तेराव्याची कार्डंही येत. त्यांचे शब्द त्याने मुद्दाम लांब, नऊवर ठेवले होते. नऊ दाबलं की 'शोकाकुल समस्त परिवार' उमटे. शुभाच्या शेजारी अशुभ नको, चुकून बोट पडायला नको, एवढा विचार त्याने केला होता. माणूस विचारी होता, यात शंकाच नाही.

फक्त एक खोड होती. ही बटणं त्याने कुणालाही सांगितली नव्हती. कुणी मागे येऊन उभं राहिलं की तो डावा कोपर कीबोर्डवर आडवा धरायचा. शाळेत पाटी झाकणारी पोरं त्याच्यापेक्षा बरी.

एका वर्षी काम वाढलं. छापखान्याचे मालक शेटे यांनी दुपारच्या पाळीला पद्मिनी डुंबरे नावाच्या बाई ठेवल्या. वय अडतीस. कॉलेजच्या मुलींच्या शेजारी बसून त्यांनी टायपिंगचा कोर्स केला होता, आणि आयुष्यातली ही पहिलीच नोकरी होती. घरून निघताना त्या डबा भरत, त्यावर स्वतःचं नाव घातलेलं होतं, आणि ते नाव बघून त्यांना रोज नव्याने बरं वाटे.

मालक म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. तोवर हात बसला तर राहा. नाही बसला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. पुढे सीझन आहे."

पद्मिनीने पहिल्याच दिवशी विचारलं, "त्रिंबककाका, ती बटणं मला सांगाल का?"

"मला कुणी सांगितली होती?" त्रिंबक म्हणाला, आणि कोपर आणखी पसरला.

मग पद्मिनी सगळं अक्षर अक्षर लिहू लागली. त्रिंबक सकाळी सहा पत्रिका उरकायचा, तिच्या दुपारी दोन व्हायच्या. पण तिला एक सवय होती. पत्रिका झाली की ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायची. मशीनवरचे इस्माईलभाई हसून म्हणत, "ताई, आम्हाला रोज नवीन लग्नाचं बोलावणं येतंय, पण जेवण काही मिळत नाही."

एकदा लिहिता लिहिता तिचं बोट चुकून अल्टवर पडलं, दुसरं चारवर, आणि पडद्यावर आपोआप 'आपले स्नेहांकित' आलं. पद्मिनी खुर्चीत ताठ बसली. मग तिने एक दाबून पाहिलं, दोन दाबून पाहिलं. पंधरवड्यात अर्धीअधिक बटणं तिला पाठ झाली. दोनच्या चार पत्रिका झाल्या, चारच्या सहा.

मालक खूश झाले. एका सकाळी ते त्रिंबकला म्हणाले, "बाईंचा हात चांगला बसला हो! आणि चुका तर शोधून सापडत नाहीत."

दुसऱ्याचं कौतुक ऐकून ज्याचा चहा गोड लागतो असा माणूस मी तरी फार पाहिलेला नाही. त्रिंबकचा चहा तर त्या दिवशी पार कडू झाला. अठरा वर्षांची माझी बटणं, आणि नाव या बाईचं! दुपारी पाळी संपवून उठण्याआधी तो सेटिंगमध्ये गेला आणि त्याने चार आणि नऊ यांची अदलाबदल करून टाकली. चारवर शोक, नऊवर स्नेह. कामाला दोन मिनिटं लागली. इतकं सोपं पाप त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

त्याच दुपारी पद्मिनीने एका लग्नपत्रिकेवर चार दाबलं. नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं आणि शेवटाकडे येताच ती अडखळली. वधूवरांच्या नावांखाली 'शोकाकुल समस्त परिवार'! तिने घाईघाईने ते पुसलं. नवख्या माणसाला आधी स्वतःचीच चूक दिसते. आपलंच बोट भलतीकडे गेलं असणार, असं म्हणून तिने कानाला खडा लावला. त्या दिवसापासून ते दोन शब्द ती हाताने लिहू लागली. बाकी बटणं वापरायची, चारच्या वाटेला जायचं नाही.

इकडे त्रिंबक रोज सकाळी येऊन छापलेल्या पत्रिका उलटसुलट करून बघे. एकीतही चूक नाही! उलट त्याचाच व्याप वाढला. लग्नाच्या पत्रिकेला आता नऊ दाबायचं, हे त्याला दर वेळी थांबून आठवावं लागे. त्या आठवड्यात गावात कुणी गेलं नाही, हे गावाचं नशीब.

आणि आठव्या दिवशी त्रिंबकच्या घरी आनंद झाला. त्याच्या मुलीचं, केतकीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. मुहूर्तही जवळचाच निघाला. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. त्या दिवशी सकाळीच येऊन त्रिंबकने सगळी कामं बाजूला सारली आणि लेकीची पत्रिका स्वतः जुळवायला घेतली. समोर नावांची यादी होती. आता आपल्याकडे लग्न जमवणं एक वेळ सोपं, पण पत्रिकेतल्या नावांचा क्रम लावणं म्हणजे डोक्याला ताप. थोरले चुलते आधी की मामा आधी? आत्याच्या यजमानांचं नाव खाली गेलं तर जेवणावरून उठतील का? त्रिंबकचे डोळे त्या यादीवर खिळलेले होते आणि बोटं आपल्या जुन्या वाटेने धावत होती. एक, दोन, तीन, चार.

नावं त्याने तीनदा तपासली. नावांच्या वरचे शब्द मात्र वाचले नाहीत. अठरा वर्षांत ते वाचायची वेळच कधी आली नव्हती. त्याने काम इस्माईलभाईंकडे सोपवलं आणि तो पेढे आणायला बाहेर पडला.

दुपारी पद्मिनी आली, तेव्हा मशीन चालू होतं. टेबलावर एक पत्रिका सुकत पडली होती. तिने हातात घेतली आणि सवयीने मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता ती एकदम थांबली. तेच शब्द. तीच जागा.

ती संगणकापाशी गेली. अल्ट धरून चार दाबलं. शोकाकुल. नऊ दाबलं. स्नेहांकित.

सगळं तिच्या ध्यानात आलं. बोट तिचं चुकलंच नव्हतं. आणि ही बटणं बदलता येणारा माणूस छापखान्यात एकच होता. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. आज मालक तिच्या नोकरीचं ठरवणार होते. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. एका तासात पाचशे पत्रिका निघाल्या असत्या, गावभर झालं असतं, आणि त्रिंबकची खुर्ची आपसूक तिच्याकडे चालत आली असती. खोटं कशाला सांगू, हा विचार तिच्या मनात आला, आणि क्षणभर बरा वाटला.

मग तिची नजर पुन्हा पत्रिकेवर गेली. चि. सौ. कां. केतकी. त्या मुलीने तिचं काय वाकडं केलं होतं?

"इस्माईलभाई, मशीन थांबवा!"

"अहो ताई, आत्ता कुठे लागलंय नीट. चाळीसेक निघाल्यात!"

"निघू द्या. आधी थांबवा."

मशीन थांबलं. तिने त्या चाळीस पत्रिका गोळा केल्या, पालथ्या घालून दोऱ्याने बांधल्या आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून आपल्या पिशवीखाली ठेवल्या. एवढ्यात त्रिंबक पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तिने त्याला बाजूला बोलावलं आणि एक पत्रिका हातात दिली.

त्रिंबकने वाचली. पुडा त्याच्या हातातच राहिला. "हे… हे मी टाकलं?"

"तुमच्या बोटांनी टाकलं, काका. केलेला बदल तुमच्या डोक्याला ठाऊक होता. बोटांना तो कुणी सांगितलाच नव्हता."

ती एवढंच बोलली. त्रिंबक स्टुलावर बसला आणि लेकीच्या नावावरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

तेवढ्यात मालक आले. "मशीन का बंद?"

"थोडे कागद वाया गेले, मालक," पद्मिनी म्हणाली. "दुरुस्त करून पुन्हा लावतोय."

त्रिंबकला वाटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तो उभा राहिला. "बाई माझी चूक झाकतायत, मालक. त्यांना घालवायला मी बटणं बदलली होती, आणि माझ्याच पोरीच्या पत्रिकेवर पडली. बाई नसत्या तर आज मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

मालकांनी त्याच्या हातातली पत्रिका घेऊन वाचली. मग म्हणाले, "आज बाईंचं काय ते ठरवणार होतो. आता तुमचंही ठरवावं लागेल, त्रिंबकराव."

"मग दोघांचं एकच ठरवा," पद्मिनी म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं. "पेढे आणलेच आहेत तर वाटा," ते म्हणाले, "आणि कामाला लागा. दोघंही."

त्रिंबकने सगळ्यात आधी चार आणि नऊ आपापल्या जागी नेले. मग पत्रिकेच्या जाड कागदाचा एक मोठा तुकडा घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात एकूण एक बटण त्यावर लिहून काढलं. तो कागद त्याने संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला. खाली थोडी जागा मोकळी सोडली. "इथे तुमची लिहा," तो म्हणाला. पद्मिनीने शून्यावर एक नवा शॉर्टकट बसवला आणि कागदावर लिहिला. तो दाबला की कच्च्या प्रतीच्या माथ्यावर ठळक अक्षरं येत: 'छापण्याआधी मोठ्याने वाचा.'

मग केतकीची पत्रिका पुन्हा जुळवायला घेतली. या वेळी खुर्चीत पद्मिनी होती आणि त्रिंबक शेजारी उभं राहून सांगत होता. कोपर कुठेच आडवा नव्हता.

"चार दाबा, बाई."

पडद्यावर 'आपले स्नेहांकित' आलं. त्याने एकेक नाव सांगितलं. चुलते, मामा, आत्याचे यजमान. यादी संपली.

"आता शेवटचं. सौ. पद्मिनी डुंबरे."

तिची बोटं थांबली. "काका, ही तर तुमच्या घरच्यांची नावं आहेत."

"म्हणूनच म्हणतोय. लिहा."

पद्मिनीने एकेक अक्षर सावकाश लिहिलं. मग दोघांनी मिळून ती पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, आणि मशीनपाशी उभे असलेले इस्माईलभाई म्हणाले, "या लग्नाला मात्र मी जेवायला येणार हं!"

तात्पर्य: दुसऱ्याने चुकावं म्हणून केलेली खोडी आपल्या सवयीला माहीत नसते, त्यामुळे ती एक दिवस आपल्याच हातून आपल्यावर उलटते. कसब झाकून ठेवलं की ते राखायला आपण एकटेच उरतो. चारचौघांत वाटलं, तर आपण चुकतो तेव्हा सावरायला कुणीतरी जवळ असतं.