सळई कुणाच्या हाती

"म्हणजे सळई चिंधूला दिलीत, हे खरं?"

रखमाजी उंबऱ्यातच उभा होता. आत कान्होबाबा लिंबाच्या काड्या ठेचत बसले होते.

बाबा म्हातारे वैद्य. डोंगरातल्या त्यांच्या मठात माणसं हिरड्यांचं दुखणं घेऊन यायची, आणि बाबा हिरडीच्या कडेखाली साचलेलं किटण एका बारीक लोखंडी सळईनं खरवडून काढायचे. सळई ज्याला दिली त्याच्याकडे पुढे मठ जाणार, हे सगळे धरून चालले होते.

"खरं," बाबा म्हणाले.

रखमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मिसरूड फुटायच्या आधीपासून तुमचं पाणी भरतोय मी. आणि हा कालचा! ओठ मिटून हसतो नुसता. एवढा ताठा कशाचा त्याला?"

बाबांचा नवा चेला चिंधू चुलीपाशीच होता. ऐकत होता, आणि मान खाली घालून चुलीत काटक्या सारत होता. तेही रखमाजीला खटकलंच.

जळत होता तो, दुसरा शब्द नाही. बाबांनी चिंधूला नुसती हाक मारली तरी ह्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"माझ्यात काय कमी होतं, तेवढं सांगा."

बाबांनी एक काडी पुढे केली. "घास दात. इथंच, माझ्यासमोर."

ही काय उत्तर द्यायची रीत झाली! पण रखमाजीनं काडी चावली आणि उजवीकडे घासू लागला.

"डावीकडे?"

रखमाजी उजवीकडेच घासत राहिला.

"डावीकडे, रखमाजी."

"तिकडं रक्त येतं, बाबा. म्हणून काडी लावत नाही."

"लावत नाहीस म्हणून येतं."

"पण दुखत नाही. खरंच नाही."

"तेच तर वाईट. दुखलं असतं तर आपण होऊन आला असतास. आ कर."

बाबांनी डाव्या सुळ्याला बोट लावलं. दात हलला. रखमाजीचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांचे हलते दात पाहून "हा जाणार" असं तो किती सहज सांगत आला होता!

"जाईल का हो?"

"किटण निघालं आणि रोज घासलास, तर हिरडी धरून ठेवील अजून."

"मग काढा ना, बाबा. आत्ता काढा."

बाबांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता... पाण्याचा तांब्यासुद्धा त्यात ठरला नसता.

रखमाजी बघतच राहिला. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस तो चिंधूवरच डोळा ठेवून होता.

"मग मी माझं काढतो. द्या सळई."

"स्वतःच्या तोंडात? दिसेल तुला?"

रखमाजीनं पुढे केलेला हात मागे घेतला. बाबा म्हणाले,

"तुझं रक्त मला दिवाळीतच दिसलं होतं. भाकरीला लागलेलं. म्हटलं, माझा हात जायच्या आत तुझ्यासाठी एक हात तयार करून ठेवावा."

चिंधूनं उकळत्या पाण्यातून सळई काढली.

"ह्याच्यापुढं आ करू? त्यापेक्षा दात पडला तरी चालेल मला!"

"पडू दे मग," बाबा म्हणाले, आणि पुन्हा काड्या ठेचू लागले.

शेवटी रखमाजी खाली बसला. डोळे मिटून त्यानं तोंड उघडलं.

चिंधूचा हात हलका होता. रखमाजीला तेच फार लागलं, राग धरावा असं तो काहीच करत नव्हता. काळं किटण निघत होतं, रक्त येत होतं, आणि चिंधू मधूनमधून विचारत होता, "थांबू का, दादा?"

मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरून झाल्यावर रखमाजीनं डोळे पुसले.

"बरोबर केलंत, बाबा. सळई त्याच्यापाशीच राहू द्या."

बाबांनी चिंधूला सळई पुन्हा उकळायला लावली. ती निवल्यावर म्हणाले, "आता रखमाजीच्या हातात दे. आणि तू बस."

चिंधू एकदम मागे सरला. त्याचा हात तोंडावर गेला. ओठ तर मिटलेलेच होते.

रखमाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"तुझ्यापण हिरडीतून...?"

"दुखत नाही, दादा. खरंच नाही."

बाबांनी नवी काडी ठेचायला घेतली.

"ऐकलंस, रखमाजी? अगदी तुझ्यासारखाच आहे तो. धर सळई."