मिरचीची मूठ

सुभानराजांची जीभ भाजली आणि अख्ख्या बोरगडाच्या जिवाला घोर लागला!

तीन दिवस राजे थंड दुधावर होते. बोलायला गेले की "हुकूम"चा "हुहुम" व्हायचा, आणि हसू दाबता दाबता हुजऱ्यांचे गाल दुखायचे. चौथ्या दिवशी जीभ जरा वळायला लागली, आणि पहिला शब्द आला तो असा: "तो ठेचा कुणी कुटला?"

कुटला होता सगुणानं. वीस वर्षं गडाच्या मुदपाकखान्यात ती ठेचा, चटण्या, मसाले कुटत होती. नवरा कधीच गेलेला, पदरात एक पोरगी, गोजरा. दोघींना गडावरच्या त्या एका खोलीशिवाय दुसरं छप्पर नव्हतं. सगुणा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

दिवाण अनंतपंत मोठे शहाणे. ते दोन्हीकडचं बोलले. "महाराज, मिरची म्हणजे दुधारी तलवार! तोंडाला चव आणते, तशी तोंडाची वाटही लावते."

"मग तिची एक धार काढून टाका!" राजे गरजले. "चव तशीच झणझणीत राहिली पाहिजे, पण जिभेला चटका बसता कामा नये. सगुणे, परवा दुपारपर्यंत असा ठेचा दे. नाही जमलं तर बोचकं बांध आणि गड उतर!"

आता घ्या! पावसानं पडावं पण भिजवू नये, असाच हा हुकूम. पण राजाला कोण सांगणार?

बिचारी सगुणा कामाला लागली. मिरच्यांचं बी काढून पाहिलं. मग ताकात भिजवून पाहिल्या. शेवटी गूळसुद्धा घातला. राजांनी बोटाच्या टोकानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हा ठेचा आहे की बाळगुटी?"

सगुणानं खोलीत येऊन खरंच बोचकं बांधायला घेतलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

गोजरा कोपऱ्यात भांडी घासत होती. पंधरा-सोळा वर्षांची पोर, पण जीभ अशी की मिरचीनं तिच्याकडे शिकवणी लावावी! ती म्हणाली, "आये, त्या दिवशी पंगतीतून राजाचं ताट माझ्याकडेच आलं घासायला. ठेच्याची वाटी चाटूनपुसून साफ. आणि भाकऱ्या? होत्या तशा, पदरसुद्धा मोडला नव्हता."

"मग काय झालं?"

"मग काही नाही. उद्या ठेचा मी घेऊन जाते. नेहमीसारखाच कूट. बी काढू नको, गूळ तर मुळीच नको!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरा झाकलेली परात डोक्यावर घेऊन दरबारात आली. राजांच्या शेजारी त्यांचे व्याही बसले होते. लेकीच्या सासरचे, बडे सरदार. पण तेही आज गप्पगप्पच होते, आणि त्यांच्याही हातात दुधाचा पेला होता.

"आणलास का बिनचटक्याचा ठेचा?" राजांनी विचारलं.

"आणला, सरकार. पण आधी एक विचारू? कमरेची तलवार एकधारी की दुधारी?"

"दुधारी! बापजाद्यांची आहे."

"मग एक धार घासून टाका की. उगाच लागेल कुठंतरी!"

"वेडी का खुळी तू?" राजे उसळले. "एक धार घासली तर उलटा वार काय लाटण्यानं करू?"

"म्हणजे दोन्ही धारा हव्यात?"

"हव्यातच!"

"मग इतकी वर्षं ती तुम्हाला लागली कशी नाही?"

राजांनी मिशीवर ताव दिला. "अगं पोरी, तलवार मुठीला धरतात. पात्याला धरेल तो मूर्ख!"

"तेच म्हणते मी!" गोजरानं परातीवरचं फडकं काढलं. ज्वारीच्या गरम भाकऱ्या, बुक्कीनं फोडलेला कांदा, दह्याची वाटी, आणि मधोमध हिरवागार ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. "सरकार, ही भाकरी म्हणजे मिरचीची मूठ. तुमच्या ताटातली भाकरी तशीच परत आली होती आणि ठेच्याची वाटी रिकामी. कुणापुढं मर्दुमकी दाखवायला उघडं पातं चाटलंत, ते मी नाही विचारणार!"

व्याह्यांनी दुधाच्या पेल्यात तोंड घातलं.

राजे लाल झाले. आधी रागानं, मग लाजेनं. शेवटी हळूच म्हणाले, "यांनीच पैज लावली. म्हणाले, आमच्याकडे ठेचा नुसता चमच्यानं खातात."

"आणि खाल्ला का त्यांनी?"

"खाल्ला की!" व्याही कळवळून बोलले. "सोयऱ्यापुढं माघार कशी घेणार?"

"बघा, सरकार," गोजरा म्हणाली. "पातं चाटलं दोघा व्याह्यांनी, आणि गड उतरायचा ते घडवणाऱ्या लोहारानं? हा कुठला न्याय?"

राजांना जे हसू फुटलं, ते आवरेचना! व्याही हसले, दिवाण हसले, इतके दिवस गाल दाबून बसलेल्या हुजऱ्यांनी तर खांब धरले.

राजांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला जरासा टेकवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "वाहवा! चव तीच, आणि जीभ जाग्यावर! पंत, लिहा. सगुणेची चाकरी कायम, आणि ओढ्याकाठची दोन बिघे जमीन तिच्या नावे. आणि पोरी, तुला काय देऊ?"

"मला काही नको, सरकार. फक्त व्याहीबुवांनाही एक भाकरी वाढा. परत पैज लागली तर आमच्याकडे दूध शिल्लक नाही!"