आजीच्या संडासाची कोनशिला

गोदाकाठच्या एका गावात याकोब नावाचा एक भोळा राहायचा. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा. अडचण तीच होती.

एकदा गावच्या चर्चची मंडळी नेपाळला सेवेसाठी निघाली. डोंगरातल्या मनमाया आजीचा संडास एका दिवसात बांधून द्यायचा होता. आजीचा गुडघा सुजलेला. रोज ओढ्यापर्यंत उतार उतरावा लागायचा. संडास व्हायचा होता, पण त्याची कोनशिला तयार होती. पांढऱ्या संगमरवरावर पाळकसाहेबांचं आणि महिला मंडळाच्या शांतवनबाईंचं नाव कोरलेलं. अख्ख्या प्रवासात ती याकोबच्या मांडीवर होती.

आजी मुलाकडे नाशिकला राहिलेली, त्यामुळे मराठी बोलायची. "संध्याकाळपर्यंत होईल ना?" तिनं विचारलं.

"नक्की," पाळकसाहेब म्हणाले. मग प्रार्थना झाली, गाणी झाली, फोटो झाले. दुपार झाली.

"याकोब, विटा आण."

याकोबनं विटा आणल्या. शेजाऱ्याच्या खुराड्याच्या आणल्या. कोंबड्या डोंगरभर पांगल्या.

"अरे, काही उचलण्याआधी विचारावं, कुणाचं आहे म्हणून!" पाळकसाहेब ओरडले.

"बरं साहेब. ध्यानात ठेवतो."

थोड्या वेळानं आजी पाय घसरून पायासाठी खणलेल्या चरात पडली. याकोब काठावर उकिडवा बसला.

"आजी, तुम्ही कुणाच्या?"

"माझीच मी! वर काढ!"

"मग तुम्हालाच विचारतो. उचलू का?"

"विचारतोस काय मेल्या, ओढ!"

शांतवनबाई धावत आल्या. "कुणी खाली दिसलं की विचारत बसू नये, याकोब. हात धरून ओढावं."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

तेवढ्यात पाळकसाहेब फोटोसाठी विटांवर गुडघे टेकून, डोळे मिटून बसले. याकोबला ते खाली दिसले. त्यानं हात धरून ओढलं. साहेबांचा चष्मा सिमेंटात गेला.

"खाली बसलेल्या माणसाला ओढतोस?" साहेब चष्मा पुसत म्हणाले. "त्याला स्वस्थ बसू द्यावं. फार तर चार चांगले शब्द वाचायला त्याच्या डोळ्यांसमोर धरावेत."

"बरं साहेब. ध्यानात ठेवतो."

भिंती गावातल्या गवंड्यानं उभ्या केल्या. पत्रा चढला, दार बसलं. मंडळी चहाला निघाली. जाताना साहेब म्हणाले, "याकोब, कोनशिला लाव. आजीच्या रोज डोळ्यांसमोर येईल अशी."

याकोबनं विचार केला. बाहेर आजी पायाखाली बघून चालते. ती स्वस्थ बसणार कुठे?

मंडळी परतली. बाहेर चारही भिंती कोऱ्या. शांतवनबाईंनी आत डोकावलं आणि पदर तोंडाला लावला. भांड्याच्या बरोबर समोर, बसल्यावर नजर जाईल अशा उंचीवर, कोनशिला होती. सिमेंटनं पक्की धरली होती.

"काढ ती!" साहेब गरजले.

"थांबा, आधी विचारतो. आजी, ही कुणाची?"

"माझ्या संडासात आहे, म्हणजे माझीच," आजी म्हणाली.

"त्यांची आहे, साहेब."

खाली रस्त्यावर त्यांची बस हॉर्न देत होती. शांतवनबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, कोनशिलेसोबतचा फोटो नेला नाही तर गावाकडे कोण विश्वास ठेवणार?"

साहेब आत गेले. उभं राहिल्यावर नाव त्यांच्या गुडघ्यामागे झाकलं जायचं. शेवटी ते बसले. नावाशेजारी चेहरा यायचा तर तिथे एकाच पद्धतीनं बसता येत होतं.

"हात जोडा, साहेब," शांतवनबाई मोबाइल धरून म्हणाल्या. "आणि जरा हसा."

मग शांतवनबाईंचा नंबर. मग बाकीच्यांची रांग लागली.

रांगेच्या शेवटी मनमाया आजी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

याकोब तिच्याजवळ गेला आणि प्रेमानं म्हणाला, "आजी, तांब्या खाली ठेवा. फोटोत बरा दिसायचा नाही."