तीनदा आडव्या गेलेल्या कवडीची कहाणी

ऐका सटवाई, तुमची कहाणी. दिवा जरा पुढे करा, लेकरं मांडीवर घ्या, आणि उंबऱ्याशी मांजर येऊन बसलं असेल तर बसू द्या. कहाणी त्याचीही आहे.

आटपाट नगर होतं. नगरात दाण्यांची पेठ होती. पेठेत एक वाणी राहत होता. त्याच्या घरात गव्हाच्या कणग्या, ज्वारीच्या कणग्या, हरभऱ्याच्या कणग्या. दाणा आला म्हणजे उंदीर आला, उंदीर आला म्हणजे मांजर आलं. वाण्याच्या घरी मांजरी तीन. एक काजळी, ती काळीभोर. एक भुरकी, ती राखेच्या रंगाची. एक कवडी, ती पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके. वाण्याची बायको म्हाळसा. मनाची वाईट नव्हती हो, पण हाताची तापट. हात आधी चालायचा, विचार मागून धापा टाकत यायचा. मांजरींना म्हणायची, "उंदीर आहेत की घरात, ते खा. मी का तुमची पानं वाढू?" कधी दुधाचा थेंब घातला नाही, कधी भाताचं शीत टाकलं नाही, कधी पाठीवरून हात फिरवला नाही.

म्हाळसेला एकुलती एक लेक, तिचं नाव पुतळा. पलीकडच्या गावी दिलेली. तिला दिवस राहिले, सातवा लागला. पहिलटकरीण माहेरी आणायची. म्हाळसेनं मुहूर्त काढला, गाडी जुंपली, ओटीचं सामान घेतलं, नारळ घेतला, खण घेतला, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. तोच ओसरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे कवडी आडवी गेली.

मांजर आडवं गेलं म्हणजे काय करतात ते तुम्हांला मी सांगायला नको. म्हाळसा मागं फिरली. पाटावर टेकली, गुळाचा खडा तोंडात टाकला, घोटभर पाणी प्याली, मग निघाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, कवडी पुन्हा आडवी गेली. म्हाळसा चडफडली. मागं फिरली, पाटावर टेकली, गूळ खाल्ला, पाणी प्याली. कवडी कुठून कुठे गेली एवढं तिनं नीट पाहिलं. तिच्या तोंडात काय आहे, ते मात्र पाहिलं नाही. तिकडे मुहूर्त टळायला आला, बैल शेपट्या झाडू लागले, गाडीवान दोनदा खाकरला. म्हाळसा तिसऱ्यांदा निघाली. कवडी तिसऱ्यांदा आडवी गेली. मग काय विचारता! म्हाळसेनं दाराचा अडसर उचलला आणि भिरकावला.

अडसर कवडीच्या मागच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. कवडी किंचाळली, आणि तिच्या तोंडातून काहीतरी खाली पडलं. म्हाळसा पाहते तर मुठीएवढं पिल्लू, डोळेसुद्धा न उघडलेलं. त्या दिवशी गव्हाची कणगी उपसायची होती. कणगीमागं कवडी व्यालेली. माणसांची ये-जा पाहून बिचारी एकेक पिल्लू उचलून हरभऱ्याच्या कणगीमागं नेत होती. पिल्लं तीन, म्हणून फेरे तीन. कवडीनं पिल्लू पुन्हा तोंडात धरलं, मोडका पाय ओढत ओढत गेली आणि कणगीमागं अंधारात दिसेनाशी झाली.

म्हाळसा मटकन खाली बसली. "अगं बाई, बाळंतीण होती गं ती!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. आपण निघालो लेकीला बाळंतपणाला आणायला, आणि आपल्याच हातानं घरच्या बाळंतिणीचा पाय मोडला. आता माझ्या लेकीचं कसं होईल? तिनं ओटीचं सामान वाण्याच्या हाती दिलं. मग गाडीत वाणी बसला, आणि दिवस मावळायच्या आत तो लेकीला घेऊन आला.

म्हाळसा तडक भटजीबुवांकडे गेली. म्हणाली, "बुवा, मांजर मारलं तर काय करावं लागतं?" भटजी म्हणाले, "सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "पण मेलं का?" "मेलं नाही." "मग घरी जा बाई, आणि त्याच्याकडे बघ." भटजी शहाणं बोलले. पण म्हाळसेनं अर्धंच ऐकलं. सोन्याचं मांजर तेवढं कानात राहिलं. मनात म्हणाली, मरेल तेव्हा धावाधाव नको, आधीच करून ठेवावं. हातातल्या पाटल्या काढल्या आणि सोनाराला दिल्या, म्हणाली, रातोरात घडवून दे. सोनारानं उभ्या जन्मात नंदी घडवले होते, मांजर घडवलं नव्हतं. त्यानं केलं ते मांजर कमी आणि नंदी जास्त. हसू नका बायांनो, भ्यालेल्या माणसाला एवढं कुठलं दिसायला!

म्हाळसेनं ते मांजर चौरंगावर बसवलं. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, चांदीच्या वाटीत दूध ठेवलं. पहिल्या दिवशी दूध नासलं. दुसऱ्या दिवशी उंदीर आले, दूध पिऊन गेले, आणि एक तर सोन्याच्या मांजराच्या डोक्यावर बसून मिशा साफ करून गेला. तिसऱ्या दिवशी पुतळा आईला म्हणाली, "आई, कालपासून पोटात बाळ हललं नाही गं." सुईण आली. तिनं पोटाला हात लावला, कान लावला, म्हणाली, "वाट बघू." आणि खाली मान घालून बसली. म्हाळसेनं आणखी एक समई लावली, आणखी एक वाटी दूध ठेवलं, चौरंगासमोर डोकं टेकलं. आणि कणगीमागं तीन दिवस कवडी उपाशी पडली होती. दूध आटलेलं, पिल्लं चोखून चोखून थकलेली.

दुपारी दाराशी एक म्हातारी आली. डोईवर भांड्यांची पाटी, कपाळभर कुंकू, अंगावर ठिगळांचं लुगडं. हाक दिली, "जुनं लुगडं द्या, भांडं घ्या!" म्हाळसा म्हणाली, "म्हातारे, आज नको गं. लेकीचं असं झालंय. पुढच्या दारी जा." म्हातारी काही हलेना. ओसरीवर टेकली, आत डोकावली, चौरंगाकडे पाहिलं.

"हे काय गं मुली?"

"सोन्याचं मांजर."

"दूध पितं?"

"नाही."

"उंदीर धरतं?"

"नाही."

"मांडीवर येऊन झोपतं?"

"सोन्याचं कसं झोपेल, आजी?"

"मग याला दूध कशाला घालतेस? घालायचं तिथे घालत नाहीस. मागं कोण रडतंय?"

"मला नाही ऐकू येत."

"ऐकू येतं. तीन दिवस ऐकते आहेस. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची लाज वाटते तुला, म्हणून तू याच्याकडे बघत बसलीस."

म्हाळसेला रडू कोसळलं. खरंच होतं ते. रडत रडत म्हणाली, "आजी, काय करू सांग. सांगशील ते करते." म्हातारी म्हणाली, "मला एक लुगडं आण." म्हाळसेनं पेटीतलं जरीचं आणलं. म्हातारी म्हणाली, "हे टोचतं." रोजचं आणलं. "हे खरखरतं. शंभरदा धुतलेलं, मऊ, तसलं आण." तसलं घरात एकच होतं. म्हाळसेच्या आईचं. बाळाला पहिलं दुपटं त्याचं करायचं म्हणून घडी घालून जपलेलं. आता लेकीच्या पोटात बाळ हलत नाही, आणि तिच्या बाळाचं दुपटं मांजरीला फाडायचं! म्हाळसेचा हात थबकला. आतून पुतळा म्हणाली, "दे गं आई. तीही बाळंतीणच ना?"

म्हाळसेनं लुगडं आणलं. म्हातारी म्हणाली, "आता वसा सांगते तो ऐक. शुद्ध षष्ठीला हा वसा घ्यावा. आज षष्ठीच आहे. सकाळी दूध तापलं की पहिली पळी मांजरींची. उरलेलं नव्हे, पहिलं. तिघी असल्या तर वाट्या तीन, तीन कोपऱ्यांत, कारण एका ताटात जेवायला त्या काही जावा नव्हेत, आणि जावा तरी कुठे धड जेवतात! पाणी जेवणापासून लांब ठेवावं. उंच फळीवर एक जुनं गोणपाट टाकावं, नखं काढायला एक लाकूड द्यावं. झोपलेलीला उठवू नये. मांडीवर आली तर हातातलं काम राहू द्यावं. दुखलीखुपली तर बांधावं, भरवावं, निजवावं. आणि हात उगारू नये. तू उतशील, मातशील, वाटी रिकामी ठेवशील."

"उतणार नाही, मातणार नाही, वाटी रिकामी ठेवणार नाही," म्हाळसा म्हणाली.

मग म्हाळसा पदर खोचून कणगीमागं शिरली. हातात दुधाची वाटी. कवडी फिस्कारली. म्हाळसा मागं सरली. दुसऱ्यांदा गेली, तूपभाताचा घास पुढे केला. कवडीनं पंजा मारला, मनगटावर तीन रेघा उमटल्या. म्हाळसा म्हणाली, "मार बाई, तुझा हक्क आहे." तिसऱ्यांदा गेली ती पोटावर निजून गेली. वाण्याची एवढी मोठी बायको, तोंडात जळमटं, केसांत भुसा! नजर खाली केली, बोट दुधात बुडवलं, पुढे धरलं आणि गप्प राहिली. अर्धी घटका गेली. मग बोटाला खरखरीत जीभ लागली.

मग काय केलं? सुपात लुगड्याची घडी घातली, कवडीला त्यावर घेतलं, तिन्ही पिल्लं पोटाशी ठेवली. पायाला हळद-तूप लावलं. बांबूच्या दोन पातळ कांबट्या घेतल्या, मध्ये कापसाची गादी केली, लुगड्याची पट्टी फाडली आणि पाय बांधला. घट्ट नाही, सैल नाही. म्हातारीनं बोट घालून पाहिलं, म्हणाली, "जमलं." वर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं, उड्या मारून पाय पुन्हा मोडू नये म्हणून. कवडी दूध प्याली, पिल्लं कवडीला प्याली. चौघांची घरघर सुरू झाली, जातं फिरावं तशी.

तोच आतून पुतळा ओरडली, "आई! आई, बाळ हललं गं!"

म्हाळसा हळदीच्या हातांनी आत धावली, लेकीच्या पोटावर हात ठेवला. हाताखाली केवढी मोठी लाथ बसली! मायलेकी हसल्या नि रडल्या. म्हाळसा बाहेर येऊन पाहते तर म्हातारी नाही, पाटी नाही. शेजारणींना विचारलं, तर म्हणाल्या, आज गल्लीत कोणी आलंच नाही.

दिवस गेले. म्हाळसेनं वसा चालवला. रोज पहिली पळी मांजरींची. कवडीला घास भरवावा, कूस बदलावी, पट्टी सोडावी, हळद लावावी, पुन्हा बांधावी. पहिल्या आठवड्यात काजळी नि भुरकी रुसून आढ्यावर बसल्या. दुसऱ्या आठवड्यात आपापल्या वाटीशी आल्या. तिसऱ्यात काजळी सरळ म्हाळसेच्या मांडीवर चढली. वाणी ओरडला, "अगं, चुलीवर भात करपला!" म्हाळसा म्हणाली, "तुम्हीच उतरवा. माझा वसा आहे." वाण्यानं भात उतरवला. उंदीर एव्हाना पेठेतल्या दुसऱ्या घरी राहायला गेले होते. दीड महिना झाला. म्हाळसेनं डालगं उचललं, कांबट्या सोडल्या. कवडीनं पाय टेकला, उचलला, टेकला. मग थोडी लंगडत चुलीपाशी गेली आणि ऐटीत बसली.

नऊ महिने भरले. पुतळेला कळा लागल्या. पहाटेपासून दुपार झाली, सुटका होईना. सुईण घामानं निथळली, पुतळा म्हणाली, "आई, मला भीती वाटते." तेव्हा कवडी लंगडत खोलीत आली. बाया म्हणाल्या, "हाकला, हाकला, बाळंतिणीच्या खोलीत मांजर!" म्हाळसा दारात आडवी झाली. "कोणी हात लावायचा नाही. हिला सगळं ठाऊक आहे." कवडी बाजेवर चढली, पुतळेच्या कुशीला टेकली, घरघरू लागली. पुतळेनं डोळे मिटले. त्या घरघरीशी तिचा श्वास जुळला. एक कळ आली, दुसरी आली, तिसरीला बाळ बाहेर आलं. मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाजाची खणखणीत.

पाचवी झाली, सहावा दिवस आला. सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. म्हाळसेनं पाटावर कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला, कुंकवाचा करंडा ठेवला. सकाळी बाया पाहायला आल्या. करंडा लवंडलेला, आणि कागदाच्या मधोमध मांजराचा एक लाल पंजा. शेजारीण म्हणाली, "अगं बाई! कागद विटाळला, पोरीचं नशीब पुसलं! कोण आहे ती, धर अडसर!"

सगळ्या म्हाळसेकडे बघू लागल्या. म्हाळसा काही उठली नाही, तिच्या मांडीवर भुरकी निजली होती. तिनं बसल्याबसल्या हात पुढे केला, कागद घेतला, कपाळाला लावला. मग आपल्या नातीला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "असं लिहिलंय गं, की जे कोणी हिच्या दाराशी येईल, ते हिला भिणार नाही."

बायांनी हात जोडले. पुतळेनं कागद घेऊन पाळण्याला बांधला.

सटवाई म्हाळसेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. गरोदरपणी धीर देवो, बाळांना उदंड आयुष्य देवो, उगारलेला हात वेळेत खाली आणो, आणि चुलीपाशी कोणी निवांत झोपलेलं असो. ही कहाणी साठां उत्तरांची, पांचा उत्तरी सांगितली, मांडीवर मांजर घेऊन ऐकली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.