माकडशिंग आणि पहिला घास

पूर्वी रोहितक नगरात धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मरुभूमीतल्या वाटाड्यांच्या कुळात जन्मले होते. वाळूतून तांडे सुखरूप पार नेणे हा त्यांचा धंदा. त्या वाळवंटात माकडशिंग उगवे. पान नाही, काटा नाही, नुसती बोटाएवढी हिरवी, रसाळ कांडी. वाटेत शिधा संपला की वाटाड्या एकेकाला ती चावायला देई आणि दिवसभर पोट गप्प बसे.

पण त्या कुळाची एक रीत होती. कांडी देणाऱ्याने स्वतः ती चावायची नाही. भूक मेली म्हणजे पोट भरले असे थोडेच आहे? चावणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून तांड्यात एकाने तरी भुकेले राहून पाऊल उचलायचे. आणि मुक्कामाला पोचल्यावर, ज्याला ज्याला कांडी दिली त्याला आपल्या हाताने पहिला घास भरवल्याखेरीज स्वतः अन्नाला शिवायचे नाही.

एकदा नंदिक नावाच्या व्यापाऱ्याचा तांडा वादळात सापडला, सगळा शिधा वाळूखाली गेला. बोधिसत्त्वांनी कांड्यांवर सर्वांना तगवून चौथ्या दिवशी रोहितकाच्या वेशीत आणले आणि पेजेचे मडके घेऊन भरवायला बसले. नंदिकाने लाजत लाजत घास गिळला. मात्र कांडी कुठल्या टेकडीवर मिळते ते त्याने वाटेतच हेरून ठेवले होते.

घरी जाताच त्याने गडी पाठवून टेकडी खरवडून आणली. कांड्या वाळवल्या, कुटल्या, रेशमी पुरचुंड्यांत बांधल्या. ज्यांची पोटे पुढे आणि माणसे मागून चालत, अशा शेठसावकारांच्या त्याच्या दारात रांगा लागल्या. "आणि घास भरवायची रीत?" तांड्यातल्या एकाने विचारले. "गिऱ्हाइकांना भरवत बसलो तर दुकान कोण पाहील?" नंदिक म्हणाला.

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. राजाची कोठारे भरलेली होती, पण ते धान्य त्याने शेजारच्या राज्यावरील स्वारीसाठी राखले होते. लोक कोठारापुढे येऊन रडू लागले. तेव्हा नंदिकाने सल्ला दिला, "महाराज, धान्य कशाला काढता? चौकाचौकांत माझी पूड वाटा. भूकच लागली नाही तर मागेल कोण?" राजाला ते पटले. महिन्याभरात कोठारापुढची गर्दी ओसरली आणि राजा निश्चिंत झोपू लागला.

अशा दिवसांत बोधिसत्त्व नगरात आले. रस्ते शांत होते. कुणी भांडत नव्हते, मागत नव्हते. कुंतली नावाची म्हातारी विणकरीण मागापाशी बसली होती. तिच्या हाताची हाडे मोजून घ्यावीत अशी, आणि धोटा तिला उचलवत नव्हता.

"आजी, केव्हा जेवलात?"

"आठवत नाही रे लेकरा. पण चौकात नंदिकाची माकडशिंगाची पूड मिळते, तेव्हापासून भूक नाही हो. बरं वाटतंय."

बोधिसत्त्वांच्या काळजाला चटका बसला. ज्या हातांनी नंदिकाला कांडी दिली ते हात त्यांचेच होते. त्याच्या हातून ती या म्हातारीपर्यंत पोचली. मग हे सारे नगर माझाच तांडा, असे त्यांच्या मनाने घेतले. ते सरळ कोठाराच्या दारात जाऊन बसले. नगराच्या तोंडी पहिला घास पडेपर्यंत उठायचे नाही आणि खायचे नाही, हा त्यांचा निश्चय झाला.

नंदिक आला, समजावू लागला, शेवटी चिडला. "अरे, कुणाचीच तक्रार नाही, आणि तूच तेवढा कसा कण्हतोस?"

"भूक लागलीय म्हणून," बोधिसत्त्व म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

सातव्या दिवशी राजा स्वतः आला. सोन्याच्या ताटात पक्वान्ने होती. बोधिसत्त्वांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण त्यांनी ताट सरकवले. राजाला दया आली. त्याने पुरचुंडी पुढे केली. "मग हे तरी घे. सुटशील या त्रासातून."

"महाराज, या नगरात भूक लागते असा मी एकटाच उरलोय. मीही हे घेतले, तर लोक मरत आहेत हे तुम्हाला कोण सांगणार?"

राजा चपापला. "मला तर सगळे सुखी दिसतात," तो पुटपुटला.

"मग पूड तुम्ही वाटली आहे, तेव्हा आमची रीत तुम्हीही पाळा. एकाला आपल्या हाताने भरवा आणि मग सांगा."

कुंतलीला उचलून आणले. राजाने पेजेचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटले. "नको रे, भूक नाही." राजाने पाठीला हात दिला, तेव्हा पाठीचा एकेक मणका त्याच्या तळव्याला लागला. त्याचे डोळे भरून आले. "आई, माझ्यासाठी एक," तो म्हणाला. तिने घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हातारीने राजाचे मनगट घट्ट धरले आणि हंबरडा फोडला, "भूक लागली रे! मला भूक लागली!"

राजाने त्याच क्षणी कोठारे उघडली, स्वारी मोडली आणि पूड जाळली. नंदिकाला शिक्षा एकच दिली. पेजेचे मडके घेऊन दारोदार जायचे आणि ज्या ज्या घरी पूड गेली तिथे आपल्या हाताने भरवायचे. संध्याकाळपर्यंत नगरातून भुकेचा कालवा उठला. तो कानांनी ऐकला, तेव्हा कुठे बोधिसत्त्वांनी आपला घास तोंडात घातला.

एवढी गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिक म्हणजे आज विहारात सर्वांना वाढून शेवटी जेवणारा हा भिक्षू सुभोग. राजा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा घालणारा गृहस्थ वसुदत्त, कुंतली म्हणजे भिक्षुणी शीलवती, आणि उपाशी बसलेला वाटाड्या मीच होतो." धरलेले सोडायचे नाही, या गुणाला अधिष्ठान पारमिता म्हणतात.