एकीचं बीळ, सगळ्यांचा झरा

एका डोंगराळ जंगलात एक सशीण राहायची. इतकी टापटिपीची, की म्हणे वारासुद्धा तिच्या बिळात पाय पुसून शिरायचा. तरी दर पावसाळ्यात तिच्या पिल्लांना हगवण लागायचीच. दोन पिल्लं तर त्यातच गेली. यंदा उरलेलं एकुलतं एकही मान टाकू लागलं, तशी ती म्हाताऱ्या नीलगाईकडे धावली.

"आजी, मी बीळ दोनदा झाडते, पंजे धुते. मग असं का?"

"बीळ तुझं गं, झरा कुणाचा?" नीलगाय म्हणाली. "सगळं जंगल परसाकडे वरच्या उतारावर जातं. पाऊस आला की ते सगळं झऱ्यात! आम्ही नीलगाई एकच जागा ठरवून जातो, तर आम्हाला हसतात. पण पाणी एकच ना, आमचीही वासरं सुटत नाहीत. तू आधी पळसाच्या पानात पावसाचं पाणी धर आणि घोट घोट पाजत राहा."

पान भरून घेऊन निघालेली सशीण वाटेत झऱ्यापाशी थांबली. तिथे सगळे जमले होते. "आजपासून झऱ्याच्या खालच्या माळावर जाऊ या," ती म्हणाली. "खड्डा करायचा, वर माती ओढायची."

"आम्ही झाडावरूनच उरकतो," माकड खिदळलं. "खाली काय पडतं ते खालच्यांनी बघावं!"

ज्याच्या शिंकेने म्हणे दोन टेकड्या सरकल्या होत्या, तो रानडुक्कर गुरगुरला, "तुझीच पिल्लं नाजूक, सशीणबाई! माझी दगड पचवतात."

तेवढ्यात झुडपातून डुकरीण धावत आली. "अहो, गप्पा काय मारताय? धाकट्याची सकाळपासून सातवी वेळ! डोळे खोल गेलेत त्याचे!"

माकडाचंही हसू थांबलं. सशिणीने हातातलं पान पुढे केलं. "आधी हे पाजा, वहिनी. आभाळ भरलंय, माझ्याला मी दुसरं धरते."

डुक्कर तडक वळला. माळावर गेला आणि त्याने मुसकट जमिनीत खुपसलं. संध्याकाळपर्यंत इतके खड्डे झाले, की मुंग्यांनाही त्यांचा वेगळा मिळाला. माकड आठवडाभर कुरकुरलं. पण नीलगाय पाठ घासून त्याचं झाड गदागदा हलवू लागली, तसं तेही उतरलं.

पुढच्या पावसाळ्यात सशीण बिळाच्या तोंडाशी ओरडत होती, "अरे, पाय पुसा आधी!" तिची नव्या वेताची धरून पाच आणि डुकराची चार, चिखलाने माखलेली, एकदमच आत घुसत होती. सगळ्यात पुढे होतं ते गेल्या वर्षी मान टाकू लागलेलं पिल्लू.

तात्पर्य : आपलं घर कितीही झाडा, पाणी सगळ्यांचं एकच असतं, पिल्लं वाचवायची तर सगळ्या जंगलाने खड्ड्यापर्यंत चालत जावं, अगदी माकडानेही.